नदीच्या छेदातली ज्वालामुखीची राख: तिच्यावरून दगडी हत्यारांचं वय कितपत सांगता येतं?

छेदवाचक (प्रश्न)

कुकडीकाठचं बोरी, कऱ्हेकाठचं मोरगाव, आंध्र प्रदेशातल्या जुर्रेरू खोऱ्यातलं ज्वालापुरम, मध्य प्रदेशातलं शोण खोरं. या सगळ्या ठिकाणी नदीच्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे आणि त्याच्या आगेमागे पुराश्मयुगीन हत्यारं मिळतात. राख सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीची, यावर फारसं दुमत नाही. टोबाचा शेवटचा महाउद्रेक सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीचा, हेही पक्कं. म्हणजे राख ओळखली की थराचं वय ठरलं आणि थराचं ठरलं की हत्यारांचं ठरलं, इतकं सरळ असायला हवं. प्रत्यक्षात एकट्या बोरीच्या राखेला १४ लाख, ६.७ लाख आणि ७५ हजार अशी वयं प्रसिद्ध झालेली दिसतात.

प्रबंधासाठी नमुने घेण्याची आखणी करतो आहे, म्हणून नेमकं विचारतो. राख जागेवर पडलेली आहे की वाहून आलेली, हे छेदात (काठाच्या उभ्या कापात) कसं ओळखायचं? नमुना कुठून आणि किती घ्यायचा? प्रयोगशाळेत कोणत्या क्रमाने काय करायचं आणि कुठे फसायला होतं? आणि एकाच राखेची इतकी वेगवेगळी वयं येतातच कशी?

गाळमाती

आधी "इतकं सरळ" याबद्दल. राखेचं वय म्हणजे उद्रेकाचं वय. थराचं वय म्हणजे ती राख त्या जागी येऊन बसली तो काळ. राख आकाशातून पडली आणि तिथेच गाडली गेली, तरच ही दोन वयं एक धरता येतात. उतारावरून धुऊन आली, पुरात वाहिली किंवा जुना काठ ढासळून पुन्हा प्रवाहात मिसळली, तर एवढंच म्हणता येतं की हा थर उद्रेकाआधीचा नाही. नंतरचा किती, ते राख सांगत नाही. अर्धे वाद इथेच आहेत.

भारतात मूळ पडलेली राख काही सेंटीमीटर जाडीचीच होती. ज्वालापुरमला थर अडीच मीटरपर्यंत जाड आहे, कारण आसपासच्या उतारांवरची राख पावसाने खोलगट भागात आणून साठवली. तेव्हा जाड थर दिसला की हुरळून जाऊ नका. जाडी हीच वाहून आल्याची पहिली खूण असते. कामाचा असतो तो तळाचा पातळ पट्टा.

छेद कुदळीने आणि मग करणीने किमान २०-३० सेंमी आत तासून ताजा करा, कारण वरून ओघळलेली राख भिंतीला चिकटून खोटा थर दाखवते. मग तळरेषा पाहा. जागेवर पडलेल्या राखेची तळरेषा सुरीने कापल्यासारखी स्पष्ट असते, ती खालच्या पृष्ठभागाचे उंचसखल वळण धरून जाते आणि जाडी काही मीटर लांबीत जवळजवळ सारखी राहते. आत तिरके थर नसतात, गोटे नसतात, कंकर (चुन्याच्या गाठी) नसतात, मातीचे लपके नसतात. याउलट भिंगासारखा मध्ये जाड, कडेला निमुळता थर, आडवेतिडवे वाळूचे पदर, तळाशी ओरबाडल्याच्या खुणा दिसल्या तर राख पाण्याने आणलेली आहे. बऱ्याच ठिकाणी दोन्ही एकावर एक असतात: खाली ३-४ सेंमी स्वच्छ राख, वर मातीमिश्रित राखेचा जाड थर. चित्रात त्यांना दोन वेगळे क्रमांक द्या. एकच क्रमांक दिला तर पुढे प्रयोगशाळेतले आकडे कशाचे, ते कुणालाच कळत नाही.

ती राखच आहे ना, हेही तिथेच तपासा. कंकराचा पिठूळ थर, डायटमची (सूक्ष्म शैवालांच्या कवचांची) माती आणि चुलीची राख लांबून सारखीच पांढरट दिसतात. १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकल्यावर फसफसलं तर त्यात चुना आहे, म्हणजे कंकर किंवा लाकडाची राख असण्याची शक्यता जास्त. (खऱ्या राखेतही नंतर चुना झिरपतो, म्हणून फसफसली एवढ्यावरून फेकून देऊ नका.) ज्वालामुखीची राख चिमटीत कचकचते आणि २० पट भिंगाखाली उन्हात चमचमते.

नमुने नेहमी खालून वर घ्या. वरून सुरुवात केली तर पडलेला भुगा खालच्या, अजून न घेतलेल्या पातळीवर सांडतो. तळाच्या १-२ सेंमीचा स्वतंत्र नमुना, मग मधला, मग वरचा, प्रत्येकी १०० ते २०० ग्रॅम. प्रत्येक नमुन्याआधी पातं पाण्याने धुऊन पुसा. राखेच्या वर आणि खाली किमान एक मीटर गाळाचा सलग स्तंभही ५ सेंमीच्या टप्प्याने घ्या, कारण काचकण (ज्वालामुखीची राख मुख्यतः काचेच्या बारीक तुकड्यांचीच असते) वर-खाली किती पसरलेत यावरूनच पुढे ठरतं की राख झटक्यात आली की दीर्घकाळ मिसळत राहिली. एका पातळीवर टोकदार उंचवटा आणि वर झपाट्याने घट, हे चांगलं लक्षण. वरच्या दिशेला लांबलचक शेपूट म्हणजे पुन्हापुन्हा धुऊन येणं. खालच्या दिशेला शेपूट दिसली तर मुळांची भोकं, किडे आणि काळ्या मातीच्या भेगा शोधा. उन्हाळ्यात भेगाळणाऱ्या मातीत वरचे बारीक कण सहज खाली उतरतात.

पिशवीवर पातळी लिहिताना "राखेखाली २० सेंमी" असं लिहू नका. कायम बिंदूपासूनची उंची लिहा. राखेची तळरेषा छेदाच्या दुसऱ्या टोकाला वेगळ्या उंचीवर असते.

एक विसरू नका: उत्खननाला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची परवानगी लागते. छेद तासायचा असला तरी आधी विभागाकडे लेखी विचारून घ्या.

काचकण

प्रयोगशाळेचा भाग मी लिहितो. डोळ्यांना दिसणाऱ्या राखेला कमी खटाटोप लागतो. खाली देतो ती पद्धत न दिसणाऱ्या, म्हणजे गाळात विखुरलेल्या राखेसाठीची आहे. या पद्धतीची ताकद मोठी आहे. दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या पिनॅकल पॉइंट इथे टोबाचे सूक्ष्म काचकण असेच, टोबापासून सुमारे ९,००० किमीवर, वस्तीच्या थरांत मिळाले. ते काम २०१८ साली प्रसिद्ध झालं.

वाळवलेला १ ते ३ ग्रॅम गाळ घ्या. १० टक्के आम्लात रात्रभर ठेवून चुना काढा आणि पाणी उदासीन होईपर्यंत धुवा. काळ्या चिकण गाळाला सोडियम हेक्सामेटाफॉस्फेटच्या ५ टक्के द्रावणात घुसळा, नाहीतर चिकणमातीच्या गुठळ्या कण धरून ठेवतात. मग १२५ आणि २५ मायक्रॉनच्या जाळीतून ओलं चाळा आणि मधला भाग ठेवा. नायलॉनची जाळी प्रत्येक नमुन्याला नवी घ्या. जुनी धुऊन वापरली तर एका थराचे काचकण दुसऱ्यात जातात, आणि ग्रॅमला पाच-दहा कण मोजायचे असताना तेवढी मिसळही निकाल फिरवते. प्रत्येक गटाबरोबर एक कोरा नमुना, म्हणजे आधी तपासून काचरहित ठरलेली वाळू, हीच सगळी प्रक्रिया करून मोजा.

पुढचा टप्पा घनतेचा. सोडियम पॉलीटंग्स्टेटचं द्रावण आधी २.० ग्रॅम प्रति घनसेंमीचं करा. जे तरंगतं ते काढून टाका: सेंद्रिय कचरा, डायटम आणि बरेचसे फायटोलिथ (वनस्पतींच्या पेशींत बनलेले सिलिकेचे कण). उरलेलं २.५ च्या द्रावणात घाला. टोबासारखी सिलिका भरपूर असलेली काच त्यात तरंगते, क्वार्ट्झ (२.६५) आणि बहुतेक फेल्डस्पार बुडतात. सेंट्रिफ्यूज मिनिटाला २,५०० फेऱ्यांवर १५ मिनिटं, आणि तरंगलेला भाग दोन-तीनदा काढून घ्या. घनता डोळ्यांनी ठरवू नका. १० मिलीच्या मापी चंबूत द्रावण भरून वजन करा, २५.० ग्रॅम यायला हवं. २.४५ झालं तर जड काचकण बुडतात आणि थर रिकामा वाटतो.

इथली नेहमीची फजिती म्हणजे चुना नीट धुतला नाही किंवा नळाचं पाणी वापरलं, तर कॅल्शियम आणि टंग्स्टेट मिळून पांढरा न विरघळणारा साका बसतो. नमुनाही जातो आणि महागडं द्रावणही. फक्त डिस्टिल्ड पाणी वापरा. वापरलेलं द्रावण बारीक गाळून, मंद आचेवर आटवून पुन्हा घनतेवर आणता येतं.

काही प्रयोगशाळा मोजणीआधी नमुना ५५० अंशांवर भाजतात. मोजणीपुरतं ठीक, पण रासायनिक तपासणीसाठीचा नमुना कधीच भाजू नका. उष्णतेने काचेतली अल्कली हलतात.

सूक्ष्मदर्शकाखाली काच एकमेकांना आडव्या ध्रुवकांमध्ये (एकाच दिशेत कंपणारा प्रकाश जाऊ देणाऱ्या चकत्यांमध्ये) पूर्ण काळी पडते, आणि मंच फिरवला तरी काळीच राहते. कॅनडा बाल्सम या पारदर्शक डिंकात बसवली की तिची कड दिसते, कारण काचेचा अपवर्तनांक सुमारे १.५० आणि बाल्समचा १.५३ च्या आसपास. टोबाच्या राखेत फुटलेल्या बुडबुड्याच्या भिंतींचे वक्र, सपाट तुकडे आणि बुडबुडे भेटतात तिथले तीन फाट्यांचे तुकडे ठळक असतात.

फसवणारे कण तीन. फायटोलिथही काळेच राहतात, पण त्यांचा अपवर्तनांक बराच कमी असल्यामुळे कड फार ठळक दिसते आणि आकार पेशीसारखे नियमित असतात. स्पंजच्या सुया लांब, सरळ आणि मधून पोकळ. तिसरा कण दख्खनच्या नद्यांसाठी महत्त्वाचा: झिओलाइट. बेसाल्टच्या पोकळ्यांतून तो गाळात येतो, घनता बहुधा २.१ ते २.३, म्हणजे नेमका काचेच्या भागात. बहुतेक झिओलाइट ध्रुवकांमध्ये मंद राखाडी उजळतात, म्हणून कळतात. अनाल्सिम मात्र काळाच राहतो. त्याला बुडबुड्याचा वक्र कधी नसतो, आणि इलेक्ट्रॉन प्रोबखाली (इलेक्ट्रॉनांची शलाका मारून कणाचं रसायन मोजणाऱ्या यंत्राखाली) त्याचं सोडियम काचेच्या कितीतरी वर जातं.

रसायन नेहमी एकेका कणाचं. सगळी राख दळून केलेलं विश्लेषण ओळखीसाठी निरुपयोगी आहे, कारण त्यात माती, फेल्डस्पार आणि नंतर झिरपलेला चुना सगळं मिसळतं. कण इपॉक्सीत बसवा, पाव मायक्रॉन हिऱ्याच्या लेपापर्यंत घासा, कार्बनचा थर द्या. इलेक्ट्रॉन प्रोब १५ किलोव्होल्टवर, शलाका ५ ते १० मायक्रॉन पसरट, प्रवाह कमी. सोडियम सगळ्यात आधी मोजायचं, कारण शलाकेखाली ते हलतं. टोकदार शलाका आणि जास्त प्रवाह ठेवला तर सोडियम कमी आणि सिलिका जास्त दिसते, आणि राख भलत्याच उद्रेकाची वाटू लागते. दर काही कणांनंतर लिपारी ऑब्सिडियनसारखी ज्ञात काच मोजा आणि ते आकडेही परिशिष्टात छापा. सगळ्या ऑक्साइडांची बेरीज ९४ ते ९७ टक्के आली तर घाबरू नका, उरलेलं बहुतांशी काचेने शोषलेलं पाणी असतं. ९३ च्या खाली गेली तर घासणी किंवा शलाका बुडबुड्यावर पडली का ते बघा. किमान २०-३० कण मोजा.

टोबाच्या काचेत सिलिका सुमारे ७७ टक्के, पोटॅशियम ऑक्साइड ५ च्या आसपास, लोह आणि कॅल्शियमची ऑक्साइडं प्रत्येकी १ च्या आतबाहेर. खरी अडचण इथून सुरू होते: टोबाचा सुमारे ८ लाख वर्षांपूर्वीचा जुना उद्रेक, ५ लाखांच्या आसपासचा मधला उद्रेक आणि ७४ हजारांचा शेवटचा, तिघांची मुख्य मूलद्रव्यं जवळजवळ एकसारखी आहेत. वेगळेपणा सूक्ष्म, म्हणजे अत्यल्प प्रमाणातल्या मूलद्रव्यांत दिसतो. लेझर आयसीपीएमएसवर (लेझरने कणाचा ठिपका उडवून त्यातली मूलद्रव्यं मोजणाऱ्या यंत्रावर) २०-२५ मायक्रॉनच्या ठिपक्याने बेरियम, स्ट्रॉन्शियम, यट्रियम, झिर्कोनियम मोजा. शेवटच्या उद्रेकाच्या काचेत बेरियमचे अनेक वेगळे गट पडतात, ही त्याची चांगली ओळख. राखेत बायोटाइटचे (काळ्या अभ्रकाचे) पापुद्रे असतील तर त्यांचं लोह-मॅग्नेशियम गुणोत्तरही वेगळेपणा दाखवतं.

छेदवाचक

दोघांचेही आभार. म्हणजे "टोबाची राख" हे उत्तर अपुरं, "टोबाच्या कोणत्या उद्रेकाची" ते हवं. पण मग राखेचं थेट वय काढलं की प्रश्न मिटायला हवा ना? बोरीला तेच तर केलं होतं.

अर्धायुष्य

थेट वय काढताना नेमका कोणता कण मोजला, यावर सगळं अवलंबून आहे.

आर्गॉन पद्धतीला (पोटॅशियमच्या किरणोत्सारी क्षयातून साठलेल्या आर्गॉनवरून वय काढतात ती) पोटॅशियमयुक्त, ताजा, उद्रेकाच्या वेळचाच स्फटिक लागतो. सॅनिडिन हा पोटॅशियमयुक्त फेल्डस्पार सर्वोत्तम. पण जड स्फटिक ज्वालामुखीजवळ पडतात आणि तीन हजार किलोमीटरवर पोचते ती मुख्यतः बारीक काच. मग लोक पुष्कळ राख एकत्र करून मोजतात, आणि तिथे जुना एखादा कण घुसला की वय फुगतं. हिशोब मांडून पाहा. दख्खनचा बेसाल्ट सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांचा. नमुन्यातल्या एकूण पोटॅशियमपैकी फक्त १ टक्का जरी बेसाल्टमधून आलं, तरी वयात ६ कोटी ६० लाखांचा शंभरावा भाग, म्हणजे ६ लाख ६० हजार वर्षं वाढतात. ७४ हजारांची राख साडेसात लाखांच्या जवळपास दिसू लागते.

या हिशोबाची दुसरी बाजूही सांगायला हवी. बेसाल्टच्या फेल्डस्पारमध्ये पोटॅशियम फारच कमी असतं. ते ऑक्साइडरूपात ०.४ टक्के धरलं आणि काचेत ५ टक्के, तर १ टक्का पोटॅशियमसाठी वजनाने ११ टक्क्यांच्या आसपास बेसाल्टी कण मिसळलेले हवेत. इतकी मिसळ सूक्ष्मदर्शकाखाली दिसलीच पाहिजे. म्हणून "मिसळ झाली असेल" म्हणून आकडा उडवून लावणंही बरोबर नाही. वेगळा काढलेला नमुना नेमका किती स्वच्छ होता, ते छापलेलं असायला हवं.

मिसळीचं जुनं, सगळ्यांनी वाचावं असं उदाहरण केनियातल्या कूबी फोराच्या केबीएस राखेचं. पहिल्या चाचणीत तिचं वय २० कोटींच्या वर आलं, उघडच जुन्या खडकांचे कण आल्यामुळे. निवडक कण घेऊन १९७० मध्ये २६ लाख प्रसिद्ध झालं. पण त्याच थरांतली डुकरांची जीवाश्मं शेजारच्या ओमो खोऱ्यातल्या बऱ्याच तरुण थरांशी जुळत होती. दशकभराच्या वादानंतर वय १९ लाखांच्या जरा अलीकडे स्थिरावलं, आणि त्याखालच्या मानवी कवट्यांचा अर्थ बदलला. तेव्हापासून एकेक स्फटिक लेझरने वितळवून मोजण्यावर भर आहे. पन्नास कण मोजले आणि चार कण कोटीत गेले, तर ते वेगळे दिसतात. एकत्र वितळवले तर कधीच दिसणार नाहीत.

बोरीचे आकडे या नजरेने पाहा. १९८९ मधलं १४ लाख हे पोटॅशियम-आर्गॉनने, १९९५ मधलं ६.७ लाख आर्गॉन-आर्गॉनने. ७५ हजार आलं ते काचेचं रसायन आणि काचेवरच्या फिशन ट्रॅकवरून (युरेनियमचे अणू फुटून काचेत उमटलेल्या मागांवरून), त्याच दशकात. २०११ मध्ये पुन्हा आर्गॉन-आर्गॉनच्या आधारे सुमारे ८ लाखांच्या जुन्या उद्रेकाची बाजू मांडली गेली. फिशन ट्रॅकचीही उलटी गोम आहे: काचेतले माग साध्या तापमानालाही विझत जातात, त्यामुळे दुरुस्ती न केलेलं वय खऱ्यापेक्षा कमी येतं. दुरुस्तीसाठी नमुना ठराविक उष्णता देऊन मोजतात. ती केलेली नसेल तर तो आकडा वापरू नका. झिर्कॉनच्या युरेनियम-शिशाच्या वयावरही थेट जाऊ नका, ते स्फटिक शिलारसात कधी तयार झाला ते सांगतं, आणि तो उद्रेकाच्या कितीतरी आधी झालेला असू शकतो.

बारीक राखेचं थेट वय काढण्याच्या मागे लागण्यापेक्षा तिची काच उगमाजवळच्या जाड, स्फटिकयुक्त निक्षेपाशी जुळवावी आणि वय तिथे काढावं, हा माझ्या मते सर्वांत भक्कम रस्ता आहे. इथिओपियातल्या ओमो किबिशला २०२२ मध्ये हेच झालं. मानवी अवशेषांच्या वरची राख थेट वय काढता येणार नाही इतकी बारीक. तिची काच शाला ज्वालामुखीच्या निक्षेपाशी जुळली, तिथल्या स्फटिकांचं वय २ लाख ३३ हजार, अधिक-उणे २२ हजार आलं, आणि तोवर १ लाख ९५ हजारांच्या आसपासचे मानलेले अवशेष त्याहून जुने ठरले. अट एकच: जुळणी सूक्ष्म मूलद्रव्यांतही हवी.

गाळमाती

अर्धायुष्य यांच्याशी सहमत, फक्त बोरीसारख्या ठिकाणी एवढ्यावर थांबू नये असं वाटतं. जुळणी निर्विवाद झाली तरी राख वाहून आलेली असेल तर थराचं वय मोकळंच राहतं. म्हणून गाळाचं स्वतंत्र वय हवं.

७४ हजार की ८ लाख, एवढाच प्रश्न असेल तर दोन तपासण्या कामाच्या. एक, राखेच्या वरच्या-खालच्या बारीक गाळाचं चुंबकत्व. शेवटचा मोठा ध्रुवपालट (पृथ्वीच्या चुंबकीय ध्रुवांची अदलाबदल) सुमारे ७ लाख ७३ हजार वर्षांपूर्वीचा. गाळात मूळचं उलटं चुंबकत्व ठामपणे मिळालं तर तो त्याआधीचा. सुलटं मिळालं तर मात्र जुना उद्रेक बाद होत नाही, कारण तो या पालटाच्या अगदी जवळचा आहे. दोन, ल्युमिनेसन्स, म्हणजे कण शेवटचे उजेडात कधी होते ते त्यांनी साठवलेल्या किरणोत्साराच्या मात्रेवरून काढणं. बेसाल्टच्या प्रदेशात क्वार्ट्झ फार थोडं मिळतं आणि ते लवकर संपृक्तही होतं, तेव्हा फेल्डस्पारवरची वाढीव तापमानाची पद्धत मागा. ती काही लाख वर्षांपर्यंत जाते. सुमारे ५ सेंमी व्यासाची, २०-३० सेंमी लांबीची स्टीलची नळी ठोकून नमुना घ्यायचा आणि दोन्ही टोकं प्रकाश न जाता बंद करायची.

नळी राखेला चिकटून ठोकू नका. राखेत पोटॅशियम, युरेनियम आणि थोरियम भोवतालच्या बेसाल्टी गाळापेक्षा बरंच जास्त, आणि गॅमा किरण गाळात सुमारे ३० सेंमीपर्यंत पोचतात. जवळ ठोकली तर वर्षाला मिळणारी मात्रा चुकीची धरली जाते आणि वयही चुकतं. ३० सेंमी सोडा, किंवा जागेवरच गॅमा मापक लावा.

हत्यारांबद्दल: राखेखालच्या गोट्यांच्या थरात हातकुऱ्हाड मिळाली आणि राख ७४ हजारांची निघाली, तर हातकुऱ्हाड ७४ हजारांची ठरत नाही. ती त्याहून जुनी, एवढंच. राख आणि गोटे यांच्यामध्ये झिजेचा पृष्ठभाग किंवा कंकराचा पक्का थर असेल तर मधली लाखो वर्षंही गायब असू शकतात. शिवाय गोट्यांमधलं हत्यार स्वतः वाहून आलेलं असतं. त्याच्या कडा किती झिजल्यात ते प्रत्येक नगाला नोंदवा. धारदार, न झिजलेली कड आणि जवळच तिच्याशी जुळणारे छिलके मिळाले तर ते फार लांबून आलेलं नाही. ज्वालापुरमला राखेच्या खालच्या गाळाचं ल्युमिनेसन्स वय ७७ हजार (अधिक-उणे ६ हजार) आणि वरच्याचं ७४ हजार (अधिक-उणे ७ हजार) आलं आणि हत्यारं दोन्हीकडे होती, म्हणून तिथल्या विधानाला वजन आहे. राख दोन्ही बाजूंनी बांधलेली आहे.

काचकण

एक भर. पहिल्या खेपेला ५ सेंमीचे सगळे नमुने मोजत बसू नका. आधी दोन-दोन जोडून १० सेंमीच्या टप्प्याने झटपट मोजणी करा, काच दिसली की तेवढाच भाग १ सेंमीवर उघडा. त्यासाठी मूळ स्तंभाचा निम्मा भाग न फोडता, ओलसर, घट्ट गुंडाळून थंड जागी ठेवावा लागतो. सगळा गाळ पहिल्याच मोजणीत संपवला तर पुन्हा छेदावर जावं लागतं, आणि एक पावसाळा झाला की तो काठ तसाच राहिलेला नसतो.